फरक पडला, पण कशामुळे?

वर्ध्याहून देवळी, आर्वी नाहीतर हिंगणघाटच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली, की रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचणे हा माझा जुना छंद. गावाच्या वेशीवर, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, पाण्याच्या टाकीवर कुठल्या ना कुठल्या प्रकल्पाचं नाव रंगवलेलं असतं. कुठे जागतिक बँक, कुठे युनिसेफ, कुठे आणखी कोणी. रंग उडालेला, तारीख अर्धी पुसलेली. काम कोणतं, खर्च किती, उद्‌घाटन कोणाच्या हस्ते, हे सगळं पाटीवर असतं. त्याने पुढे झालं काय, एवढं मात्र कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

या लेखाचा विषय तोच. ‘हे एमएसडब्ल्यूवाल्यांचं काम, आपल्याला काय त्याचं’ म्हणून पान उलटू नका! कारण प्रश्न शेवटी मोजमापाचा आहे, आणि मोजमाप हा आपला धंदा आहे. लॅबमध्ये व्हर्नियरचा झिरो एरर काढल्याशिवाय रीडिंग घेतलं तर सर जर्नल परत करतात. मग परदेशातून कोट्यवधी रुपयांचं कर्ज किंवा अनुदान येतं, पाच-सात वर्षं काम चालतं, आणि शेवटी ‘प्रकल्प यशस्वी झाला’ असं छापलं जातं, तेव्हा झिरो एरर कोणी काढला होता का, हे विचारायला आपण का लाजायचं?

सुरुवात हातपंपापासून करू, कारण तो सगळ्यांनी हापसलेला आहे.

१९६७ च्या सुमारास उत्तर भारतात मोठा दुष्काळ पडला. युनिसेफने खडक फोडणारी बोअरिंगची यंत्रं आणली. जिथे विहीर खणायला महिने लागत, तिथे थोड्या वेळात बोअर होऊ लागली. प्रत्येक बोअरवर एक पंप. कागदावर आकडे भराभर वाढले: इतकी गावं, इतके पंप, इतक्या लोकांना पाणी. मग १९७४ मध्ये कोणीतरी जाऊन पाहिलं, की बसवलेल्यांपैकी चालू किती? युनिसेफच्या त्या पाहणीत सुमारे ७५ टक्के पंप बंद निघाले. म्हणजे चारातले तीन! ते बिडाचे पंप मुळात एका घराच्या अंगणासाठी बनवलेले, दिवसातून दहा-वीस बादल्यांसाठी. त्यांना अख्ख्या गावाने सकाळपासून रात्रीपर्यंत हापसलं. पिनी झिजल्या, दांडे मोडले, संपलं.

पुढची गोष्ट आपल्या महाराष्ट्राची आहे आणि ती मेकॅनिकलच्या पुस्तकात यायला हवी होती. मराठवाड्यात जालन्याला आणि इकडे सोलापूरला मिशनच्या लोकांनी वर्कशॉपमध्ये खटपट करून वेगळेच पंप बनवले होते, पोलादी आणि एका पिव्हटचे. सोलापूरच्या पंपात दांड्याच्या टोकाला वर्तुळाच्या भागासारखा तुकडा आणि त्यावरून खाली सोडलेली साखळी. दांडा कसाही वर-खाली करा, साखळीमुळे आतली सळई सरळ उभीच ओढली जाते, तिच्यावर आडवा जोर येत नाही. युनिसेफने हा पंप पायाशी धरला, रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने तो उत्पादनात आणला, कोईमतूर भागात तो घासून-पुसून तपासला गेला, आणि १९७० च्या दशकाच्या शेवटी ‘इंडिया मार्क टू’ तयार झाला. पुढे तो लाखोंनी बसला, आफ्रिकेतही गेला. आपल्या गावातल्या शाळेसमोर खडखड वाजणारी हापशी बहुतेक तीच.

माझ्या मते इथे बुद्धीचं काम साखळीचं आहेच, पण त्याच्या आधी एक काम झालं: ‘बसवलेले’ मोजायचे सोडून ‘चालू असलेले’ मोजले गेले. ती पाहणी झाली नसती तर जुनेच पंप आणखी जोमाने बसत राहिले असते आणि पाट्या वाढत गेल्या असत्या.

पण चालू पंप मोजले म्हणजे झालं असंही नाही. बांगलादेशात असेच कूपनलिकांचे पंप प्रचंड संख्येने बसले. तळ्याचं गढूळ पाणी पिऊन मुलं दगावत, त्यावर उपाय म्हणून. पंप चालू होते, पाणी स्वच्छ दिसत होतं, जंतू नव्हते. सगळ्या तपासण्या पास! फक्त आर्सेनिक तपासलं नव्हतं. १९९३ मध्ये ते सापडलं, आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत याचं वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असं झालं. मीटर उत्तम चालत होतं, चुकीच्या तारेला लावलं होतं.

या क्षेत्रातले लोक आऊटपुट, आऊटकम आणि इम्पॅक्ट असे तीन शब्द वापरतात. पंप बसला हा आऊटपुट. लोक त्याचं पाणी पिऊ लागले हा आऊटकम. पोरांची हगवण कमी झाली, बाईचा डोक्यावरून पाणी आणण्याचा तास वाचला हा इम्पॅक्ट. पाटीवर पहिला येतो, वार्षिक अहवालात दुसरा, आणि तिसऱ्यासाठी सहसा पैसे उरत नाहीत.

आता आपल्या जिल्ह्यात या. सेवाग्रामच्या एमजीआयएमएसच्या कम्युनिटी मेडिसिन विभागाने २००३ ते २००८ या काळात ‘क्लिक्स’ नावाचा प्रकल्प राबवला. लांबलचक इंग्रजी नाव आहे, अर्थ इतकाच की बालकं वाचवण्याचं काम गावानेच पुढाकार घेऊन करायचं. आंजी, गौळ आणि तळेगाव या तीन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतली ६७ गावं. पैसा अमेरिकी सरकारच्या यूएसएड या संस्थेचा, आगा खान फाउंडेशनच्या मार्फत. गावात समन्वय समित्या झाल्या, बचत गट जोडले गेले, किशोरवयीन मुलींच्या ‘किशोरी पंचायती’ झाल्या. नवजात बाळाला धोक्याची लक्षणं कोणती, बाळंतपण कुठे करायचं, हात कधी धुवायचे, मासिक पाळीच्या काळात स्वच्छता कशी ठेवायची, अशा गोष्टींवर काम झालं. या विभागाच्या डॉक्टरांनी त्यावर शोधनिबंधही लिहिले.

समजा तुम्हाला विचारलं, या ६७ गावांत दवाखान्यातली बाळंतपणं वाढली का? वाढली असणारच. पण थांबा. एप्रिल २००५ मध्ये केंद्र सरकारची जननी सुरक्षा योजना आली. त्याच वर्षी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, आणि त्यातून पुढे गावागावांत आशाताई आल्या. रस्ते सुधारले, मोबाईल आले, गावात जीप आली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २००५-०६ मध्ये महाराष्ट्रात ६४.६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती, ती २०१५-१६ मध्ये ९०.३ टक्क्यांवर गेली. अख्ख्या देशात ३८.७ वरून ७८.९. प्रकल्प असलेल्या गावात वाढ, नसलेल्या गावातही वाढ! मग यातली कोणती वाढ प्रकल्पाची आणि कोणती काळाची?

‘आधी इतकं होतं, नंतर इतकं झालं’ असं म्हणणारा प्रत्येक अहवाल इथेच घसरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर भट्टीचं तापमान वाढलं हे खरं, पण बर्नर तुम्ही पेटवला की बाहेरच ऊन तापलं होतं?

यावर उपाय साधा आहे आणि हॉस्टेलच्या पाटीवर खडूने करता येतो. समजावण्यापुरते आकडे घ्या. प्रकल्पाच्या गावांत ५० टक्क्यांवरून ८० झाले, म्हणजे ३० ची वाढ. शेजारच्या तशाच, पण प्रकल्प नसलेल्या गावांत ४५ वरून ७० झाले, म्हणजे २५ ची वाढ. काळाने २५ दिले, प्रकल्पाने फार तर ५. पाटीवर मात्र ३० लिहिले गेले असते! याला ‘डिफरन्स इन डिफरन्स’ म्हणतात, फरकातला फरक. अट एकच: प्रकल्प आला नसता तर दोन्ही गावं सारख्याच चालीने वाढली असती. इथे गोम आहे. प्रकल्पवाले कधीकधी रस्त्यावरची, हुशार सरपंचाची गावंच निवडतात. मग तुलना सुरू होण्याआधीच तराजूचं एक पारडं खाली.

हे नीट केल्याचं उत्तम उदाहरण आपल्या शेजारचं आहे. डॉ. अभय बंग हे वर्ध्याच्या मातीतच वाढलेले. त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ संस्थेतर्फे घरीच नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच बाईला शिकवायचं: बाळाचं वजन, ऊब, श्वासाची गती, जंतुसंसर्ग ओळखणं, गरज पडली तर इंजेक्शन देणं. ३९ गावांत हे काम झालं, आणि ४७ गावांत फक्त जन्म-मृत्यूची नोंद ठेवली, बाकी नेहमीच्या सरकारी सेवा चालू. १९९३-९५ मध्ये प्रयोगाच्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बालकं दगावत होती. १९९७-९८ पर्यंत हा आकडा २५.५ वर आला. तुलनेच्या गावांत तो जवळपास जिथल्या तिथेच राहिला. १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं, आणि २०११ मध्ये भारत सरकारने आशांमार्फत हीच पद्धत देशभर घेतली. त्या ४७ गावांचा आकडा नसता, तर ‘हो, पण आता सगळीकडेच सुधारणा होतेय’ असं म्हणून कोणीही फाईल बाजूला सारली असती.

इथे एक गंमत सांगायलाच हवी, जरी ती गंमत म्हणण्यासारखी नाही. जिथे मोजणारा प्रामाणिक असतो तिथे पहिल्या वर्षी मृत्यू वाढलेले दिसतात! कारण जन्मून तासाभरात गेलेल्या बाळाची नोंद पूर्वी कुठे होतच नव्हती. २००१ च्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने हेच दाखवलं, की महाराष्ट्रात प्रत्यक्षात दगावणारी बालकं सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी जास्त आहेत. म्हणून प्रकल्प सुरू झाल्यावर आकडा बिघडला तर लगेच ओरड करू नये, आणि आकडा फारच चटकन सुधारला तर जरा संशय घ्यावा.

जिच्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलावंसं वाटतं ती पाहणी जलस्वराज्यची. जागतिक बँकेच्या कर्जातून २००३ ते २००९ या काळात राज्यातल्या २६ जिल्ह्यांत हा प्रकल्प झाला. गावाने आधी मागणी करायची, ठराव करायचा, स्वतःचा वाटा भरायचा, समितीने योजना चालवायची. कागदावर अगदी आदर्श. काही संशोधकांनी बुलडाणा, नाशिक, उस्मानाबाद आणि सांगली या चार जिल्ह्यांतली २४२ गावं निवडली, साधारण साडेनऊ हजार घरं. प्रकल्पाच्या गावांना शक्य तितकी जुळणारी जुळी गावं आधीच शोधून ठेवली. प्रकल्पाआधी आणि नंतर त्याच घरांत जाऊन विचारलं. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तीन वर्षांनी नळाचं पाणी आणि घरचा संडास वापरणारी घरं सरासरी १० टक्क्यांनी वाढली होती. हात धुणं वगैरे सवयी बदलल्या नव्हत्या. आणि आजारपणावरचा खर्च? तो कमी झाला नाही!

आता इथे दोन प्रकारची माणसं दोन प्रकारे ओरडतील. एक म्हणेल, पैसा पाण्यात गेला. (शब्दशः!) दुसरा म्हणेल, पाहणीच चुकीची. पण निष्कर्षाचा दुसरा अर्धा भाग वाचा. प्रकल्पाच्या गावातल्या घराची महिन्याला ७ डॉलरपर्यंत बचत होऊ शकते असं दिसलं, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीनशे रुपयांच्या आसपास, घरखर्चाच्या सुमारे ५ टक्के. ही बचत दवाखान्यातली नव्हती. लांबून पाणी आणण्याचा वेळ, साठवण, उकळणं-गाळणं, बाहेर जायला लागणारा वेळ, या सगळ्याची होती. आणि ती गरीब, मागास घरांना जास्त मिळाली.

विचार केला तर हे पटण्यासारखं आहे. नळाचं पाणी घरात येतं, गुंडात भरलं जातं, मग त्यात हात घालून पेला बुडवला जातो. नळाच्या तोटीपर्यंतचं काम इंजिनिअरचं. तोटीपासून ओठापर्यंतच्या चार हातांत काय होतं ते पाईपच्या डिझाईनमध्ये नसतं. हगवण न कमी होण्याचं कारण बहुधा त्या चार हातांत आहे. पण उन्हाळ्यात दोन खेपा वाचलेल्या बाईला जाऊन सांगा बरं, की तुझ्या योजनेचा काही उपयोग झाला नाही! काय मोजायचं हे ठरवतानाच कोणाचा वेळ मोलाचा आणि कोणाचा फुकटचा हे आपण ठरवून टाकतो. या पाहणीने बाईचा वेळ रुपयांत धरला म्हणून तो दिसला, नाहीतर तो कुठल्याच रकान्यात बसला नसता.

कापसाकडे वळल्यावर मात्र मोजणाऱ्याला घाम फुटतो. आपल्याकडे ‘केम’ प्रकल्प आठवत असेल. आंतरराष्ट्रीय कृषी विकास निधीच्या कर्जातून, अमरावती विभागातले पाच जिल्हे आणि वर्धा, अशा सहा जिल्ह्यांत २००९ च्या अखेरीपासून २०१८ पर्यंत चालला. उद्देश: संकटात सापडलेल्या शेतकऱ्याचं उत्पन्न वाढवणं, धोका कमी करणं. आता उत्पन्न मोजा बघू. २००९ मध्ये देशात पाऊसच कमी झाला होता. २०१०-११ च्या हंगामात जगाच्या बाजारात कापसाने पौंडाला २ डॉलरच्या वर उडी मारली आणि मग कोसळला. २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षं कोरडी. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी, ऐन कापूस विक्रीत. २०१७ ला गुलाबी बोंडअळी. २००९ ला पहिलं रीडिंग आणि २०११ ला दुसरं घेतलं असतं तर प्रकल्प जगात भारी ठरला असता. तेच दुसरं रीडिंग २०१५ ला घेतलं असतं तर पार नापास. प्रकल्प तोच, माणसं तीच, सिग्नल लहान आणि नॉईज हत्तीएवढा. इथे तुलनेच्या गावांशिवाय एक पाऊलही टाकता येत नाही, कारण भाव आणि पाऊस दोन्हींकडे सारखाच असतो.

आत्महत्या थांबल्या का, हा प्रश्न सगळे विचारतात आणि तो विचारणं माणुसकीचंच आहे. पण एका गावात अशी घटना बहुतेक वर्षी घडत नाही, एखाद्या वर्षी घडते. इतक्या विरळ घटनेवरून गावपातळीच्या कामाचं यश-अपयश काढता येत नाही, एका वर्षी शून्य आल्याने तर नाहीच. तरी भाषणांत तेच काढलं जातं. त्यापेक्षा सावकाराचं कर्ज किती उरलं, पेरणी दुबार करावी लागली तर बियाण्याला पैसा कुठून आला, कापूस घरात थांबवायची ऐपत होती की पडत्या भावाने विकावा लागला, हे विचारावं. ते दर घरात, दर वर्षी मोजता येतं.

पाण्याच्या कामात आणखी एक अडचण. वरच्या गावाने नाला अडवला तर त्याच्या विहिरी वाढतात, पण खालच्या गावाचं काय? तेच खालचं गाव तुम्ही तुलनेला घेतलं असेल तर तुमचा प्रकल्प दुप्पट यशस्वी दिसेल! २०१८ ते २०२४ मध्ये जागतिक बँकेच्या मदतीने झालेल्या पोकरा प्रकल्पात, ज्यात वर्धाही होता, आयआयटी मुंबईच्या सहकार्याने गावाच्या पाण्याचा ताळेबंद काढायची पद्धत आणली गेली. पाऊस किती, वाहून किती जातो, पिकाला किती लागतो. सिव्हिलवाल्यांनी हे पाहावंच. शेततळी किती खोदली याआधी अडवायला पाणी शिल्लक आहे का, हा प्रश्न तरी विचारला गेला. उलट दिशेचंही होतं: केनियात शाळेतल्या मुलांना जंताच्या गोळ्या दिल्या तेव्हा गोळ्या न घेतलेल्या शेजारच्या शाळांतही जंत कमी झाले. तिथे साधी तुलना केली असती तर फायदा खऱ्यापेक्षा कमी दिसला असता.

त्या केनियाच्या अभ्यासातले मायकेल क्रेमर, आणि अभिजित बॅनर्जी व एस्थर डफ्लो या तिघांना २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते अशाच प्रयोगांसाठी. कोणत्या गावाला प्रकल्प द्यायचा आणि कोणत्याला नंतर, हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं, म्हणजे हुशार सरपंचाचा प्रश्नच मिटला. (अभिजित विनायक बॅनर्जींची आई निर्मलाताई मूळच्या मराठी, हे आपलं उगाच अभिमानापुरतं.) बॅनर्जी-डफ्लोंच्या गाजलेल्या अभ्यासांपैकी एक मुंबई आणि बडोद्याच्या शाळांतला. ‘प्रथम’ संस्थेच्या बालसखी ताई मागे पडलेल्या मुलांना वेगळं बसवून शिकवत. मुलं खरोखर पुढे गेली. पण कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने पुन्हा पाहिलं तेव्हा त्या फायद्याचा बराच भाग ओसरला होता. हे दुसरं रीडिंग घेतलं आणि छापलं, याबद्दल त्यांना माझे जास्त मार्क. चिठ्ठ्यांनी सगळंच मोजता येतं असं मात्र नाही. बोर धरण चिठ्ठी टाकून बांधता येत नाही.

मागच्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत रोजंदारीवर एका पाहणीचं काम मी केलं. कोणाची पाहणी ते राहू द्या. अठरा पानांचा फॉर्म, एका घराला तास-सव्वा तास. देवळी तालुक्यातल्या एका गावात एक म्हातारी मावशी ओसरीवर कापसाच्या पऱ्हाटीचे तुकडे करत बसली होती. मी संडास वापरता का, कोण-कोण वापरतं असं सुरू केलं. ती म्हणाली, “गेल्या साली बी एक पोरगा येऊन हेच लिहून गेला बाबू. त्याचं काय झालं ते आंधी सांग, मंग मी सांगतो.” माझ्याकडे उत्तर नव्हतं; ते माझ्या फॉर्मवर छापलेलंच नव्हतं. मग तिनेच हसून सांगितलं, “लिही, समदे वापरते.” संडासाच्या दाराला आतून पऱ्हाटी रचलेली मला बसल्या जागेवरून दिसत होती.

फॉर्ममध्ये ‘वापरतात’ हाच पर्याय भरायचा की दिसतं ते? सुपरवायझरने सांगितलं, बोलले तेच लिहा. पाहणीचे नियम पाहता त्याचं बरोबरच होतं. पण तेव्हापासून ‘९२ टक्के लाभार्थी समाधानी’ छापाचा कुठलाही आकडा वाचला, की मला ती पऱ्हाटी दिसते. लोक खोटारडे नसतात. योजना बंद पडू नये, आलेल्या पोराचं मन मोडू नये, पुढचा हप्ता अडू नये, असं बरंच काही त्या एका ‘हो’ मध्ये असतं. म्हणून चांगल्या पाहणीत विचारण्यासोबत पाहणंही असतं: साबण कुठे ठेवलाय, मग ओला आहे का, नळाला आत्ता पाणी आहे का.

खर्चाचं काय, असं कोणी विचारेल. प्रत्येक घरी जायची गरज नसते. बालआरोग्याच्या प्रकल्पांत ‘लॉट क्वालिटी’ पद्धत वापरतात. ती आलीय कारखान्यातून! अमेरिकेत १९२० च्या दशकात टेलिफोनच्या सुट्या भागांची खोकी पास-नापास करायला जी सॅम्पलिंगची पद्धत निघाली, तीच. एका पर्यवेक्षकाच्या हद्दीतून फक्त १९ घरं, आणि ठरलेल्या संख्येपेक्षा कमी घरांत काम झालेलं आढळलं तर ती हद्द नापास, तिथे आधी लक्ष द्या. नेमका टक्का कळत नाही, पण गाडी कुठे अडली ते कळतं. आपण प्रॉडक्शनच्या पेपरला जे पाठ करून विसरतो, त्यावर दुसरीकडे लसीकरण चालतं.

हे सगळं आत्ता लिहायला एक कारण आहे. क्लिक्सला पैसा देणारी यूएसएड ही संस्था २०२५ मध्ये बंदच करण्यात आली. जगभरच्या हजारो कामांचा पैसा थोड्या आठवड्यांत थांबला, आणि तेव्हा ‘या कामाचा उपयोग काय झाला?’ हे सगळ्यांना एकदम विचारलं गेलं. ज्यांच्याकडे फक्त पाट्या आणि फोटो होते त्यांना बोलता आलं नाही, आणि त्यांच्यात खरोखर जीव वाचवणारेही असतील. त्याच धडाक्यात, कितीतरी गरीब देशांत जन्म-मृत्यूच्या पाहण्या करणारा त्या संस्थेचा कार्यक्रमही थांबला. म्हणजे औषध थांबलं आणि थर्मामीटरही फुटला.

थर्मामीटर बनवणं आपल्या हातचं आहे. ऑक्सफर्डच्या लोकांनी केनियाच्या क्युसो भागात हातपंपाच्या दांड्यात मोबाईलसारखं छोटं यंत्र बसवलं. दांडा किती वेळा हलला ते मोजून मेसेज पाठवायचं. दांडा हलायचा थांबला की मेकॅनिकला कळायचं. पूर्वी बिघडलेला पंप दुरुस्त व्हायला सरासरी २७ दिवस लागायचे, ते तीन दिवसांच्या आत आले. अॅक्सेलरोमीटर, मायक्रोकंट्रोलर, सिमकार्ड आणि बॅटरी, यापलीकडे त्यात काही नाही.

आपल्या एनएसएसच्या दत्तक गावात आणि आसपासच्या दोन गावांत हापश्या आहेत, मार्क टू. एका गावात यंत्र बसवायचं, दुसऱ्यात फक्त दर आठवड्याला जाऊन चालू-बंद लिहायचं, आणि निदान एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहायचं. फायनल इयरच्या प्रोजेक्टला हे चालेल असं सरांनी तोंडी म्हटलंय. माझ्यासोबत मेकॅनिकलचे दोघं आहेत. इलेक्ट्रॉनिक्सचा एक हवा, आणि एक असा हवा की जो आठवड्यातून एकदा उन्हात सायकल मारायला कंटाळणार नाही. रात्री मेस सुटल्यावर आम्ही वाचनालयाच्या पायऱ्यांवर असतो.